शक्तिमानने झेलले तर?

सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५ अशी सुमारे साडेसात वर्षे ‘शक्तिमान’ ही मालिका दूरदर्शनवर चालू होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक खेड्यांत त्या सुरुवातीच्या काळात केबल पोचलेली नव्हती. छपरावरचा अँटेना फिरवून जे दिसेल ते दूरदर्शन. रविवारी दुपारी ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीत सगळी गल्ली जमायची. ऐन वेळी वीज गेली तर कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली जायची. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या शिक्षकांना हे सांगायला नकोच. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, त्यामुळे आजच्या मुलांनाही ती अगदीच अनोळखी नाही.

मालिका गाजत असताना एक काळजीची गोष्ट घडली. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी उंचावरून उड्या मारल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. त्यांतल्या काहींच्या खरेपणाविषयी वादही झाला. पण मुख्य भूमिका करणारे मुकेश खन्ना यांनी पडद्यावरूनच मुलांना समजावले, की असले धाडस करू नका. योग्यच केले. मात्र या साऱ्या समजावण्यात ‘शक्तिमान खरा नाही, तो येणार नाही’ एवढाच मुद्दा होता. समजा, तो खरा असता आणि अगदी वेळेवर आला असता, तर मूल वाचले असते का? हा प्रश्न विज्ञानाच्या तासाचा आहे, आणि त्याचे उत्तर नववी-दहावीच्या गणितात बसते.

दुमजली घराच्या गच्चीची उंची सहा मीटर धरू. तिथून पडणारे मूल सुमारे १.१ सेकंदात जमिनीशी येते. एवढ्या वेळात नीट हाकही मारून होत नाही. जमिनीपाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०.८ मीटर, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर आणायचा म्हणजे पडताना मिळालेली सगळी ऊर्जा कुठेतरी खर्च करायची. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. थांबायला अंतर जितके कमी, तितके बल जास्त. हिशेब अगदी सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर; जे उत्तर येईल, साधारण तितक्या पट वजनाचा दाब अंगावर येतो.

पडद्यावरचा शक्तिमान जमिनीवर ताठ उभा राहून पोलादी हातांत मूल झेलतो. हात फार तर दहा सेंटिमीटर खाली जात असतील. सहा मीटर भागिले दहा सेंटिमीटर, म्हणजे साठ पट. मुलाचे वजन तीस किलो असेल तर अंगावर आलेला भार १८०० किलो, म्हणजे अठरा क्विंटल! कापूस मोजणाऱ्या आपल्या जिल्ह्यात अठरा क्विंटल म्हणजे काय, हे मुलांना वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. फरशीवर पडून दोन सेंटिमीटरमध्ये थांबला तर नव्वद क्विंटल. फरशीपेक्षा शक्तिमान बरा, पण हाडे मोडायला अठराही पुरेत.

वेचणीच्या दिवसांत घरात कापसाचा ढीग लागतो आणि मोठ्यांची नजर चुकवून मुले त्यात उड्या मारतात. तिथे का लागत नाही? ढीग दबतो, थांबायला मीटरभर अंतर मिळते. सहा मीटरवरून पडले तरी भार दोन क्विंटलच्या आतच. (हे सांगताना ढिगात गुदमरण्याचा धोकाही सांगावा. नाहीतर एका वेडातून काढून दुसऱ्यात घातल्यासारखे व्हायचे.)

अमेरिकेत हा विचार आधीच झाला आहे. १९७३ च्या एका स्पायडरमॅन अंकात पुलावरून पडणाऱ्या ग्वेन स्टेसीला नायक आपल्या जाळ्याच्या धाग्याने झेलतो, तरी ती मरते. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी हेच उदाहरण घेऊन विद्यार्थ्यांना बल आणि थांबण्याचा वेळ यांचा संबंध शिकवला.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही, आणि मला तेच अधिक बोलके वाटते. १९३८ मध्ये जन्मलेल्या सुपरमॅनचे बळ परग्रहावरून आलेले आहे. पुढे त्याला आपल्या सूर्याच्या प्रकाशाचीही जोड दिली गेली. शक्तिमानचे बळ पंचमहाभूतांतून आणि जागृत कुंडलिनीतून येते. ज्या गोष्टीवर समाजाचा आधीपासून विश्वास असतो, तिथूनच त्याचा नायक बळ घेतो. मग त्या बळाचा हिशेब मागावा असे कुणाला वाटत नाही. आणखी एक गोष्ट पाहा. या मालिकेतला शास्त्रज्ञ कोण? डॉक्टर जॅकॉल. तो खलनायकाच्या गोटात बसून ‘पॉवर’ अशी आरोळी ठोकतो. घरोघरी पाहिल्या गेलेल्या मालिकेत प्रयोगशाळा ही दुष्टाची जागा ठरली. दूरदर्शनवर असे पूर्वी सरसकट नव्हते. १९८९ च्या ‘इंद्रधनुष’ मध्ये मुलेच संगणक जुळवत होती.

जयंत नारळीकरांची (१९३८–२०२५) ‘धूमकेतू’ ही कथा या संदर्भात वर्गात वाचण्याजोगी आहे. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ अण्वस्त्राचा स्फोट करून वळवतात. इकडे घरात त्याच संकटासाठी यज्ञ झालेला असतो, आणि संकट टळल्याचे श्रेय घरच्यांच्या मते यज्ञाला जाते. ज्याने धूमकेतू शोधला तो गृहस्थ हे ऐकून विचारात पडतो. नारळीकर तिथे कुणाची टिंगल करत नाहीत. शक्तिमान आवडणाऱ्या मुलाचीही आपण करू नये.

त्यापेक्षा एक प्रयोग करावा. मातीच्या चार सारख्या पणत्या घ्या. (अंडी अधिक चांगली, पण काही शाळांत ती चालत नाहीत.) एक मीटरवरून एक फरशीवर सोडा, एक घडी केलेल्या सतरंजीवर, एक वीतभर जाड पिंजलेल्या कापसावर. चौथी दोन मुलांनी सैल धरलेल्या चादरीत सोडा. कुठली फुटली, कुठली टिकली आणि प्रत्येक वेळी थांबायला किती अंतर मिळाले, हे मुलांनी वहीत लिहावे. मग गच्चीवरून पडणाऱ्या मुलाला शक्तिमानने जमिनीपासून किती उंचीवर गाठावे, ते त्यांनाच विचारा. तीन मीटरवर गाठून उरलेले तीन मीटर त्याच्याबरोबर खाली येत हळूहळू थांबवले, तर हातांवरचा भार वजनाच्या फक्त दुप्पट येतो, म्हणजे साठ किलो. एवढा भार हमालसुद्धा पेलतो.