उखाणा घ्यायचा की घालायचा?

पुढच्या महिन्यात माझं लग्न. त्यामुळे सध्या येता-जाता एकच प्रश्न, 'उखाणा पाठ झाला का?' आता ज्याला चार वर्षं नावाने हाक मारतेय, त्याचं नाव यमकात घोळवून कशाला घ्यायचं?

परवा मैत्रिणीच्या ऑफिसात, कॉफी मशीनपाशी माझं हेच रडगाणं चालू होतं. तिचा काठमांडूचा कलीग मध्येच म्हणाला, "उखान? आमच्याकडे उखान म्हणजे म्हण!" आणि एक ऐकवलीसुद्धा, 'नाच्न नजान्ने आँगन टेढो'. म्हणजे आपलं नाचता येईना, अंगण वाकडं! आम्ही दोघी चाट.

घरी येऊन शब्दकोश उघडले. मूळ शब्द संस्कृत 'उपाख्यान', मोठ्या कथेच्या पोटातली छोटी कथा. महाभारतातलं नलोपाख्यान आठवा. नेपाळीत त्याची म्हण झाली, गुजरातीत 'उखाणुं' म्हणजे कोडं. (आपली 'म्हण' मात्र 'म्हणणे'मधली, आणि ते संस्कृत 'भण्'पासून आलेलं.) मराठीतही उखाणा म्हणजे कोडं होतंच. माझी आजी अजून उखाणा 'घालते', आम्ही मुली तो 'घेतो'. नवऱ्याचं नाव थेट उच्चारायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. मग ते ओळीत गुंफून घ्यायचं. बायकांनी काढलेली पळवाटच ती!

हे सगळं आजीला सांगितलं. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मग तू कोडंच घाल की त्याला."

ठरलं. घास भरवण्याआधी कोडं. नाही सुटलं, तर नवरदेव उपाशी!