एकाच भुलेत किती शस्त्रक्रिया?
वजन उतरल्यानंतरची सैल त्वचा आणि घरी परतल्यानंतरचे दिवस

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर किन्हवलीच्या बाजूच्या एका गावातून जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या बाई माझ्या शहापूरच्या दवाखान्यात आल्या. वय ५८. तीन वर्षांपूर्वी मुंबईत त्यांच्या जठरावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि ११६ किलोंवरून त्या ६९ किलोंवर आल्या होत्या. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या होत्या, आसनगाव स्थानकाचा पूल त्या न थांबता चढत होत्या. तरीही चेहरा उतरलेला होता. तपासणीच्या टेबलावर आडव्या झाल्यावर त्यांनी पोटावरची सैल त्वचेची घडी दोन्ही हातांनी उचलून धरली. खालची कातडी लालभडक, ओलसर, जागोजागी सोललेली, आणि दुर्गंधी येणारी. "डॉक्टर, वजन गेलं, पण हे राहिलं. चार माणसांत बसायची लाज वाटते," त्या म्हणाल्या.

पर्समधून त्यांनी एक कागद काढला. त्यावर चार शस्त्रक्रिया लिहिलेल्या होत्या : पोट, पाठीचा खालचा भाग, दंड, मांड्या. कल्याणला राहणाऱ्या मुलीला पंधरा दिवसांची रजा मिळणार होती. "तेवढ्यात एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

या 'एकदाच'विषयी आज लिहायचे आहे.

वजन उतरल्यावर त्वचा आपोआप आवळत का नाही, असे पुष्कळ जण विचारतात. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतील तंतू तुटतात, विरळ होतात. सैल झालेले इलॅस्टिक धुऊन वाळवले म्हणून घट्ट होत नाही, तसेच हे. वय जितके अधिक आणि वजन जितके जास्त उतरलेले, तितकी त्वचा अधिक लोंबते. तेल, मलम, व्यायाम यांनी स्नायू सुधारतील, उरलेली त्वचा जाणार नाही. वसईच्या एका महिलेचे वजन ३०० किलोंवरून ८६ किलोंवर आल्याची बातमी २०१९ मध्ये वृत्तपत्रांत आली होती. अशा बातम्या आकड्यापाशी संपतात. घडीत साचणारा घाम, बुरशी, चालताना घासणाऱ्या मांड्या हा पुढचा भाग घरातल्या माणसांनाच दिसतो.

"या वयात सौंदर्याचे काय खूळ?" असे बाईंचे यजमान दवाखान्यातच म्हणाले. त्यांना मी ती घडीखालची कातडी दाखवली. प्लास्टिक सर्जरी या नावाने आपला घोटाळा होतो. त्यात प्लास्टिक काहीही नसते. घडवणे, आकार देणे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आले आहे. कापलेल्या नाकाच्या जागी कपाळाची त्वचा वळवून नवे नाक घडवणाऱ्या पुण्याकडच्या एका कारागिराची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ मध्ये छापली, आणि युरोपातल्या शल्यविशारदांनी ती विद्या त्यावरून उचलली. सांगायचे ते इतकेच, की ही शाखा मुळात मोडलेले शरीर नीट करण्याची आहे.

आता चारही शस्त्रक्रिया एकत्र करण्याविषयी. या विचारात तथ्य नाही असे नाही. भूल एकदाच, रुग्णालयाचा खर्च एकदाच, घरच्यांची रजा एकदाच. प्रकृती ठणठणीत असलेल्या तरुण रुग्णात पोटाबरोबर आणखी एक भाग घेणे ही अनुभवी शल्यविशारदांची नेहमीची पद्धत आहे. परंतु भाग वाढले की टेबलावरचे तास वाढतात, रक्त अधिक जाते, शरीर थंड पडते आणि पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका चढत जातो. शस्त्रक्रिया सहा तासांच्या पुढे नेऊ नये, असे म्हणूनच अनेक शल्यविशारद पाळतात. साठीकडे झुकलेले वय, पूर्वी कधी झालेली गुठळी, कर्करोग, अजूनही जास्त असलेले वजन यांतले काही असेल तर हिशेब आणखी कडक होतो.

दुसरी अडचण ताणाची आहे. त्वचा कापून शिवली की ती ओढ घेते. पोट शिवल्यावर रुग्णाला काही दिवस कमरेत वाकून राहावे लागते, तर पाठीच्या खालच्या भागाचे टाके वाकल्यावर ताणतात. एका जखमेला जे मानवते ते दुसरीला छळते.

तिसरी गोष्ट मात्र कुठल्याही रुग्णालयाच्या कागदावर मी लिहिलेली पाहिलेली नाही. बाईंना मी विचारले, "पोटाला टाके आहेत, म्हणून पोटाच्या जोरावर उठता येणार नाही. दंडांना टाके आहेत, म्हणून हात टेकून उठता येणार नाही. मांड्यांना टाके आहेत, म्हणून पाय फाकवता येणार नाहीत. मग रात्री दोन वाजता लघवीला कशा उठाल?" त्या यजमानांकडे पाहू लागल्या. त्यांचे वय ६६, कंबरेला पट्टा. मुलीची रजा पंधरा दिवसांची, आणि जड उचलायला बंदी सहा आठवड्यांची.

शल्यविशारद एका भुलेत किती करू शकतो हा प्रश्न त्याच्या कौशल्याचा आहे. घराला किती पेलेल याचे उत्तर त्याच्याकडे नसते, ते तुम्हांलाच द्यावे लागते. आमच्या शहापूर-मुरबाडकडे तर हा हिशेब अधिकच काटेकोर मांडावा लागतो. मुंबईत रुग्णालय दहा मिनिटांवर असते. टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून भर पावसात रात्री कल्याण गाठायचे म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातले एक ४६ वर्षांचे दुकानदार शहरातून पोट, छाती आणि मांड्या यांची एकत्र शस्त्रक्रिया करून आले. पन्नासएक किलो वजन त्यांनी उतरवले होते. पाचव्या दिवशी घरी आले. मांड्या दुखतात म्हणून ते अंथरुणातून फारसे उठत नव्हते, आणि घरच्यांनाही 'आराम करू द्या' हेच योग्य वाटत होते. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला, "डाव्या पायाला सूज आहे, पोटरी जड झाली आहे." मी म्हणालो, "पट्टा घट्ट झाला असेल. पाय उशीवर ठेवा, उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने जाड होती. तसेच गाडीत घालून कल्याणला पाठवले. डॉप्लर तपासणीत मांडीच्या शिरेपर्यंत पोहोचलेली गुठळी निघाली. सहा महिने रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेऊन ते बरे झाले, आजही दुकानात बसतात. पण त्या एका रात्रीत गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर माझ्या 'उद्या बघू'चे उत्तर मला कुणापाशीही देता आले नसते. एकाच पायाला सूज हे वाक्य फोनवर ऐकल्यानंतर तेव्हापासून मी बसून राहत नाही. तुम्हीही राहू नका.

बाईंच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.२ निघाले, बी-१२ कमी, ड जीवनसत्त्व कमी. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर हे वारंवार दिसते. जेवण थोडे, पचनाचा मार्ग बदललेला, आणि सांगितलेल्या गोळ्या वर्षभराने आपोआप बंद पडलेल्या. प्रथिनांवाचून जखम भरत नाही. रोज निदान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे. अंडी, मासे, सुकट, कोंबडी, पनीर, दही, मोडाची मटकी, जे चालते ते, पण दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे. शिवाय बाई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत. "ती तंबाखू थोडीच आहे!" असे त्यांचे म्हणणे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेल्या त्वचेच्या कडा काळ्या पडून मरतात. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बिडी, मिश्री, तंबाखू सारे बंद हवे, आणि जखम भरेपर्यंत बंदच हवे.

वजनही स्थिरावलेले हवे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष जावे आणि शेवटचे तीन ते सहा महिने काटा एका जागी राहावा. उतरत्या वजनावर कापलेली त्वचा पुन्हा सैल होते. २०२५ पासून मौंजारो, वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने आपल्याकडे मिळू लागली आहेत आणि ती घेणारे रुग्ण आता शहापुरातही दिसतात. या औषधांनी जठर उशिरा रिकामे होते, म्हणून उपाशी राहूनही भुलेच्या वेळी पोटात अन्न असू शकते. ते वर येऊन श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. इंजेक्शन चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. कोणती कधी थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर आणि शल्यविशारद मिळून ठरवतात.

आता सेवा करणाऱ्यांसाठी. आपल्याकडे आजारी माणसाला पेज देतात, आणि अंडी-आंबट बंद करतात, जखम पिकते म्हणून. जखम पिकते ती जंतूंमुळे, साखर वाढल्यामुळे, प्रथिने कमी पडल्यामुळे. पेज द्या, पण तिच्याबरोबर अंडे किंवा डाळही द्या. दुसरी सवय शेकण्याची. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या भागाची संवेदना कित्येक महिने बधिर असते. गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि रुग्णाला भाजल्याचे कळलेच नाही, असे घडते. शेक नको, मालीशही नको.

भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे पहिले काही आठवडे अशक्य असते, तेव्हा कमोड खुर्ची आधीच आणून ठेवावी. पलंग गुडघ्यापेक्षा थोडा उंच असावा. पाठीखाली उशा आणि गुडघ्यांखालीही उशी, म्हणजे पोटाच्या टाक्यांवर ताण येत नाही. पण तसेच दिवसभर पडून राहू देऊ नये. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवसापासून वाकून का होईना, घरातल्या घरात दर दोन-तीन तासांनी चालवावे, पाऊल वर-खाली करायला लावावे. रुग्णालयाने घरी पोटात टोचायची इंजेक्शने दिली असतील तर ती एकही चुकवू नयेत. गावच्या औषध दुकानात ती मिळतीलच असे नाही, म्हणून सगळी तिथूनच मोजून घ्यावीत. गुठळीचा धोका घरी आल्यावर संपत नाही, पुढचे तीन-चार आठवडे तो सोबत असतो.

जखमेतून काढलेल्या नळीच्या बाटलीतले पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहावे. साधारणपणे दिवसाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी असे सलग दोन दिवस आले की नळी काढतात, हा निर्णय वहीवरच होतो. बाटली लटकू देऊ नये, पट्ट्याला पिनेने अडकवावी. नळी काढल्यावर पोट पुन्हा फुगले, हात ठेवल्यावर पाणी हललेसे वाटले, तर आत पाणी साचले आहे. ते सुईने काढता येते, घाबरू नये, पण दाखवावे.

एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणे, अचानक धाप, छातीत कळ, थुंकीत रक्त, शुद्ध हरपणे, नळीतून एकाएकी ताजे रक्त, यांतले काहीही दिसले तर मला फोन करून वाट पाहू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि गाडीत बसल्यावर मला कळवा. ताप, जखमेचा वास, लाली पसरणे, कडा काळ्या पडणे यांसाठी त्याच दिवशी दाखवावे.

खर्चाविषयी थोडक्यात. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्यविमा देत नाही. ती वैद्यकीय गरज असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल तर विचार होऊ शकतो. म्हणून घडीखालच्या जखमा, बुरशीवर वारंवार घेतलेले उपचार यांचे कागद आणि छायाचित्रे जपून ठेवावीत आणि विमा कंपनीची लेखी मंजुरी आधी घ्यावी. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे थांबावे लागते, पण पोटाच्या घडीचा त्रास तेही गांभीर्याने पाहतात.

बाईंची शस्त्रक्रिया आम्ही साडेचार महिने पुढे ढकलली. त्या रागावल्या होत्या. लोहाची इंजेक्शने झाली, मिश्री सुटली, दिवाळीनंतर हिमोग्लोबिन ११.८ झाले. मुंबईच्या शल्यविशारदांनी त्यांचे सारे ऐकून घेतले आणि फक्त पोट केले, अडीच तासांत. मुलगी पंधरा दिवस राहिली, नंतरचे चार आठवडे यजमानांनी नळीची वही, औषधे, कमोड सारे सांभाळले. वहीतले त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी सुवाच्य आहे. दंडांचे या वर्षाअखेरीस करायचे ठरले आहे.

मांड्यांविषयी मागच्या भेटीत मी विचारले. "राहू द्या हो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "त्या साडीत कुणाला दिसतात? पोटाची खाज गेली, रात्री झोप लागते." आणि यजमानांचे रक्तदाब तपासायचे राहिले आहे, याची त्यांनी मला आठवण करून दिली.