आठवा बिट गळाला तरी

'प्रिवेत' म्हणजे रशियन माणसाचा मैत्रीतला नमस्कार. नव्वदच्या दशकात मेलनं पाठवलेला हा शब्द पलीकडच्या पडद्यावर कित्येकदा 'र्त्यचेफ' होऊन उमटे. अक्षरं रशियनच, पण शब्द कोणत्याच भाषेतला नाही! या गिचमिडीला रशियन लोक 'क्राकोझ्याब्री' म्हणू लागले.

संगणक अक्षर नव्हे, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, यावर मात्र एकमत नव्हतं. डॉसचा तक्ता ८६६, विंडोजचा १२५१, मॅकिंटॉशचा तिसराच, आयएसओचा आणखी वेगळा. आणि युनिक्सवर, मेलमध्ये चालायचा केओआय-८. एका तक्त्यानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचलं, की 'र्त्यचेफ'.

यातला केओआय-८ थांबून पाहण्यासारखा. १९७४च्या सोव्हिएत मानकातल्या या तक्त्यात 'आ', 'बे' यांच्यानंतर 'वे' येत नाही, 'त्से' येतो. वर्णक्रम मोडलेला, त्यामुळे याद्या लावताना पंचाईत. पण तो मुद्दाम मोडला होता. रोमन 'ए'च्या आकड्यात १२८ मिळवले की रशियन 'आ', 'बी'मध्ये मिळवले की 'बे'. हे १२८ म्हणजेच आठवा बिट. मेल वाहून नेण्याच्या १९८२च्या नियमांत सातच बिटांची हमी होती. वाटेतले सर्व्हर आठवा बिट खुशाल छाटून टाकत. इतर तक्त्यांत अशा वेळी मजकुराची माती होई. केओआय-८ मधला 'प्रिवेत' मात्र रोमन अक्षरांत, लहान-मोठी लिपी उलटी होऊन का होईना, वाचता येई. वाटेत नासधूस होणार हे गृहीत धरून वाचणाऱ्याची एवढी काळजी घेणारा तक्ता विरळाच.

१९९० साली मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतून 'रेलकॉम' हे जाळं उभं राहिलं; त्यावरही मेल केओआय-८ मध्येच चाले. १९९१च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघात झालेल्या बंडाच्या दिवसांत त्याच जाळ्यावरून बातम्या देशाबाहेर जात राहिल्या. पुढे १९९३मध्ये आंद्रेई चेर्नोव यांनी या तक्त्याचा रशियन प्रकार, केओआय-८-आर, इंटरनेटच्या दस्तऐवजांत रीतसर नोंदवला.

तोवर मेलवर तक्त्याचं नाव लिहिण्याची सोयही आली होती. तरी जुन्या विंडोजवर आधी सिरिलिक फॉन्ट आणि कीबोर्ड बसवावा लागे. मग आउटलुक एक्सप्रेसमध्ये पाठवण्यासाठी केओआय-८-आर निवडायचा. आलेली मेल बिघडलेली दिसली, तर 'व्ह्यू'मधल्या 'एन्कोडिंग'मध्ये जाऊन एकेक तक्ता लावून पाहायचा. खरा ताप चुकीच्या नावाचा. मजकूर रशियन आणि वर नाव पश्चिम युरोपीय तक्त्याचं, असं झालं की सॉफ्टवेअर त्या नावावरच विश्वास ठेवी. आणि अक्षरांच्या जागी एकदा प्रश्नचिन्हं बसली, की मूळ आकडेच पुसले जात. मग कोणतीही सेटिंग कामाची नाही.

अशाच चुकीच्या तक्त्यातून मॉस्कोचा एक पत्ता फ्रान्समध्ये पोचला. तिथून पत्र पाठवणाऱ्यानं पडद्यावरची स्वरचिन्हांनी लदलेली रोमन अक्षरं जशीच्या तशी पाकिटावर हातानं उतरवली. रशियातल्या टपाल कर्मचाऱ्यांनी ती अक्षरं ओळखली आणि शेजारी खरा रशियन पत्ता लिहून काढला.