डॉसन सिटी

डॉसन सिटी हे कॅनडाच्या वायव्य भागातील युकॉन प्रदेशातील एक छोटे ऐतिहासिक शहर आहे. युकॉन आणि क्लॉन्डाइक या नद्यांच्या संगमावर, उत्तर ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २८० किलोमीटर अंतरावर ते वसले आहे. प्रदेशाची राजधानी व्हाइटहॉर्स येथून ५०० किलोमीटरपेक्षा अधिक लांब आहे. १८९६ साली जवळच्या एका ओढ्यात सोने सापडले आणि अवघ्या दोन वर्षांत येथे सुमारे ३०,००० लोक जमा झाले. २०२१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १,५७७ आहे. येथील बरीचशी जमीन बारमाही गोठलेली असते. सोने काढण्याची पद्धत, घरांची बांधणी आणि रहिवाशांचे दैनंदिन जीवन या तिन्ही गोष्टी ही गोठलेली जमीन आणि शहराजवळून वाहणारी नदी यांनीच ठरवल्या आहेत.

नाव

कॅनडाचे भूवैज्ञानिक जॉर्ज मर्सर डॉसन यांनी १८८७ साली या प्रदेशाचे सर्वेक्षण केले होते. त्यांच्या नावावरून शहराला हे नाव मिळाले. ‘क्लॉन्डाइक’ हा स्थानिक हान भाषेतील ‘ट्रॉन्डेक’ या शब्दाचा परकीयांच्या तोंडी झालेला अपभ्रंश आहे. सामन मासे पकडण्यासाठी नदीच्या तळाशी खुंट ठोकावे लागत. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हातोड्यासारख्या दगडाशी या शब्दाचा संबंध आहे.

इतिहास

मूळ रहिवासी

क्लॉन्डाइक नदीच्या मुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन या आदिवासी समाजाचा ‘ट्रोचेक’ नावाचा मासेमारीचा तळ होता. सोन्यासाठी आलेल्या लोंढ्यामुळे ही जागा त्यांच्या हातून गेली. समाजाचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या प्रवाहाच्या दिशेने सुमारे पाच किलोमीटर खाली असलेल्या मूसहाइड या ठिकाणी नेले. नव्या वस्तीच्या धामधुमीत आपली परंपरागत गाणी व नृत्ये लुप्त होतील, अशी भीती वाटल्याने त्यांनी ती अलास्कातील आप्तांच्या स्वाधीन केली. पुढे काही पिढ्यांनंतर हा ठेवा त्यांच्या वंशजांना परत मिळाला. १९९८ साली कॅनडा व युकॉन शासनांशी झालेल्या कराराने या समाजाला स्वशासनाचा अधिकार मिळाला. दर दोन वर्षांनी मूसहाइड येथे त्यांचा मेळावा भरतो.

सोन्याचा शोध

१६ ऑगस्ट १८९६ रोजी रॅबिट क्रीक या ओढ्यात विपुल सोने आढळले. पुढे हा ओढा बोनान्झा क्रीक या नावाने प्रसिद्ध झाला. शोध लावणाऱ्या गटात जॉर्ज कारमॅक, त्यांची टॅगिश पत्नी केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली हे होते. पहिला शोध कारमॅक यांच्या नावे नोंदवला गेला. आदिवासी माणसाचा दावा मान्य होणार नाही, अशी धास्ती त्यामागे होती असे सांगितले जाते. सोने प्रथम स्कूकम जिम यांच्या दृष्टीस पडले, असे अनेक अभ्यासक मानतात.

जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन परतलेली जहाजे सॅन फ्रान्सिस्को व सिअ‍ॅटल येथे पोहोचली आणि ही वार्ता जगभर पसरली. सुमारे एक लाख लोक क्लॉन्डाइकच्या दिशेने निघाले, असा अंदाज केला जातो. वाटेतील चिल्कूट खिंड बर्फाळ व अतिशय चढणीची होती. उपासमार टाळण्यासाठी कॅनडाच्या पोलिसांनी प्रत्येकाने वर्षभर पुरेल इतकी सामग्री बरोबर आणावी असा नियम केला. सुमारे एक टन भरणारे हे ओझे पाठीवर वाहून नेण्यासाठी तीच खिंड अनेकदा चढावी-उतरावी लागे. १८९८ च्या उन्हाळ्यात बहुतेक लोक डॉसनला पोहोचले, तेव्हा उत्तम ओढ्यांवरील जवळपास सर्व जागा आधीच नोंदल्या गेल्या होत्या. अनेकांनी दुसऱ्यांच्या खाणींवर मजुरी पत्करली, कित्येकांनी दुकाने वा खाणावळी थाटल्या आणि उरलेले रिकाम्या हाताने परतले.

ऱ्हास

१८९९ साली अलास्कातील नोम येथे सोने सापडल्याचे कळताच हजारो लोक डॉसन सोडून गेले. १९०२ मध्ये डॉसनला नगराचा दर्जा मिळाला तेव्हा लोकसंख्या ५,००० च्या खाली आली होती. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी ओढे ताब्यात घेतले आणि ‘ड्रेज’ ही तरती उत्खनन यंत्रे आणली. कमी मजुरांत अधिक खडी उपसणाऱ्या या यंत्रांमुळे माणसांची गरज आणखी घटली. १८९८ पासून प्रदेशाची राजधानी असलेल्या डॉसनचा हा मान १९५३ साली व्हाइटहॉर्सकडे गेला.

गोठलेली जमीन आणि खाणकाम

वर्षानुवर्षे न वितळणाऱ्या जमिनीस ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. क्लॉन्डाइकचे सोने प्रामुख्याने खडकाच्या शिरांमधून नव्हे, तर ओढ्यांच्या जुन्या पात्रांत गाडल्या गेलेल्या खडीतून मिळाले. ही खडी गोठलेल्या जमिनीखाली असल्याने कुदळीने फुटत नसे. त्यामुळे खाणकामगार हिवाळ्यात जमिनीवर जाळ करीत, वितळलेला थर उपसत आणि पुन्हा जाळ करीत. असे करीत ते खडीच्या थरापर्यंत पोहोचत. वर काढलेल्या खडीचा ढीग वसंत ऋतूपर्यंत तसाच राही. ओढे वाहू लागले की ती लाकडी पन्हळींतून धुतली जाई. जड सोने तळाशी आडव्या पट्ट्यांत अडकून राही व हलकी माती वाहून जाई. सोनाराच्या दुकानातील केरकचरा धुऊन सोन्याचे कण वेगळे करणाऱ्या झारेकऱ्यांच्या कामाचे तत्त्वही हेच आहे.

या पद्धतीस प्रचंड लाकूड लागे, त्यामुळे आसपासच्या टेकड्या उजाड झाल्या. पुढे वाफेच्या व नंतर थंड पाण्याच्या साहाय्याने जमीन वितळवली जाऊ लागली. ड्रेजने मागे टाकलेले दगडगोट्यांचे नागमोडी ढिगारे क्लॉन्डाइकच्या खोऱ्यात आजही दिसतात.

गोठलेल्या जमिनीने एक अनपेक्षित ठेवाही जपला. चित्रपट वितरणाच्या साखळीत डॉसन शेवटचे ठिकाण असल्याने येथे आलेल्या मूकपटांच्या प्रती परत पाठवणे परवडत नसे. अशी शेकडो रिळे जुन्या तरणतलावाच्या खड्ड्यात भर म्हणून पुरण्यात आली. १९७८ साली बांधकामासाठी खोदकाम करताना त्यांपैकी ५३३ रिळे सापडली. थंडीमुळे ती टिकून राहिली होती. इतरत्र नष्ट झालेले अनेक चित्रपट व वृत्तपट त्यांत होते. या शोधावर बिल मॉरिसन यांनी २०१६ मध्ये ‘डॉसन सिटी: फ्रोझन टाइम’ हा माहितीपट तयार केला.

पर्यटन

पर्यटनाचा हंगाम मे ते सप्टेंबर असा असतो. जूनमध्ये सूर्य थोड्याच वेळासाठी मावळतो आणि रात्रभर संधिप्रकाश राहतो. शहरामागील मिडनाइट डोम या टेकडीवरून दोन्ही नद्यांचे खोरे दिसते. बोनान्झा क्रीकवरील ‘ड्रेज क्रमांक ४’ (बांधकाम १९१२) हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असून ते अनेक मजली इमारतीएवढे उंच आहे. नदीकाठी ‘केनो’ ही जुनी आगबोट जतन केलेली आहे. १८९९ साली उभारलेल्या पॅलेस ग्रँड नाट्यगृहाची १९६० च्या दशकात पुनर्बांधणी झाली. कवी रॉबर्ट सर्व्हिस यांची झोपडी, जॅक लंडन यांच्या मूळ झोपडीतील काही ओंडके वापरून उभारलेली झोपडी आणि इतिहासलेखक पिअर बर्टन यांचे बालपणीचे घर एकाच परिसरात आहेत. ऑगस्टमधील तिसऱ्या सोमवारी सोन्याच्या शोधाचा स्मृतिदिन साजरा होतो. त्या दिवशी संपूर्ण युकॉनमध्ये सुट्टी असते.

हिवाळ्यात बहुतेक हॉटेले व संग्रहालये बंद असतात. या काळात तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली जाऊ शकते.

वास्तव्य

डॉसनमध्ये स्थायिक होणाऱ्यास प्रथम घराचा पाया समजून घ्यावा लागतो. घरातील उष्णता जमिनीत उतरली की तिच्यातील बर्फ वितळतो आणि इमारत असमान खचते. म्हणून घरे खडीच्या भरावावर, जमिनीपासून थोडी उंच बांधतात. पुष्कळदा ती लाकडी ठोकळ्यांवर किंवा जॅकवर टेकवलेली असतात व अधूनमधून पुन्हा समतल करावी लागतात. हे न पाळल्यास काय होते, हे थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील एकमेकींकडे कललेल्या जुन्या इमारती दाखवतात. बहुतेक रस्ते कच्चे असून कडेला लाकडी फळ्यांचे पदपथ आहेत. जलवाहिन्या गोठू नयेत म्हणून हिवाळ्यात पाणी वाहते ठेवावे लागते. ऐतिहासिक भागात नवे घर बांधतानाही त्याचे बाह्यरूप जुन्या काळाशी सुसंगत ठेवण्याचे नगरपालिकेचे नियम आहेत.

नदीपलीकडील वेस्ट डॉसन येथे काही कुटुंबे राहतात. या वस्तीला जोडणारा पूल नाही. उन्हाळ्यात विनामूल्य तरीतून व हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून ये-जा होते. शरद ऋतूत नदी गोठताना आणि वसंतात बर्फ फुटताना काही आठवडे दोन्ही मार्ग बंद असतात. या काळासाठी धान्य, इंधन व औषधे आधीच साठवावी लागतात. शहरात शाळा, छोटे रुग्णालय, विमानतळ व कलाशाळा आहे. विशेष उपचारांसाठी मात्र व्हाइटहॉर्सला किंवा त्याहून दूर जावे लागते. हंगामी कामगारांच्या येण्याने उन्हाळ्यात घरांची टंचाई तीव्र होते.

सद्यस्थिती

छोट्या प्रमाणावरील खाणकाम आजही चालू आहे. त्याच्या जोडीला पर्यटन व शासकीय सेवा हे उपजीविकेचे मुख्य आधार आहेत. २०२३ साली युनेस्कोने ‘ट्रॉन्डेक-क्लॉन्डाइक’ या नावाने डॉसन, मूसहाइड, ट्रोचेक व परिसरातील अन्य स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. वसाहतीकरणामुळे आदिवासी समाजाच्या जीवनात झालेले बदल आणि त्या समाजाने त्यांना दिलेले प्रत्युत्तर हा या नोंदीचा आधार आहे.

वाढत्या तापमानाचा परिणाम शहराच्या दोन्ही आधारांवर जाणवत आहे. जमीन वितळू लागल्याने इमारती व रस्ते खचतात. शहरासमोर नदीचे पात्र अलीकडच्या काही हिवाळ्यांत पूर्णपणे गोठले नाही, त्यामुळे नेहमीच्या जागी बर्फावरचा रस्ता तयार करता आला नाही. युकॉन नदीतील चिनूक सामन माशांची संख्या इतकी घटली आहे, की २०२४ मध्ये कॅनडा व अलास्का यांनी त्यांची मासेमारी सात वर्षे थांबवण्याचा करार केला. सोन्याच्या शोधाच्या कितीतरी आधी ज्या माशांमुळे या संगमावर माणसे येऊन राहिली, त्यांच्याविना ट्रॉन्डेक ह्वेचिन समाजातील मुलांना मासेमारीच्या तळावरील कामे व परंपरा शिकवणे कठीण झाले आहे.