वरून पाहण्यासाठी घडवलेला मासा

गोल्डफिशचा पूर्वज म्हणजे चीनमधल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत राहणारा, मळकट हिरवट-तपकिरी रंगाचा, कार्पच्या कुळातला साधा मासा. त्यात क्वचित एखादा केशरी-पिवळा निपजे. सोंग राजवटीत (९६० ते १२७९) असे मासे राखून तळ्यांत वाढवले जाऊ लागले. नदीत असा झळाळता मासा बगळ्याच्या नजरेतून सुटला नसता. तळ्यात मात्र त्या रंगानेच त्याला वाचवले. मिंग राजवटीत मासे तळ्यांतून कुंड्यांत आले. कुंडीत ना शत्रू, ना प्रवाह. त्यामुळे नदीत तगली नसती अशी पिल्लेही मोठी होऊ लागली. शिवाय कुंडीतला मासा दिसतो तो वरूनच. म्हणून पाठ, डोके आणि पसरलेली शेपटी पाहूनच पुढच्या पिढीची निवड होत गेली.

या निवडीचे सर्वांत नवलाचे फळ म्हणजे जोडशेपटी. इतर माशांत शेपटीचा पर एकच, उभा असतो. फॅनटेल, र्‍युकिन, ओरांडा, रांचू या जातींत तो दुहेरी होऊन दोन्ही बाजूंना पसरतो. बहुधा पोटाखालचा मागचा परही दुहेरी असतो. भ्रूणाची पाठ कुठे आणि पोट कुठे हे ठरवण्यात वाटा असलेल्या कॉर्डिन जनुकातला बिघाड याला कारणीभूत असल्याचे तैवानमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. झेब्राफिशमध्ये हे जनुक बिघडले, तर पिल्ले बहुतेक दगावतात. गोल्डफिशच्या पूर्वजांत मात्र फार पूर्वी सगळा जनुकसंच दुप्पट झाला होता. कॉर्डिनची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम करते, म्हणून मासा जगतो आणि जोडशेपटी मिरवतो.

जोडशेपटीचे सर्वांत देखणे रूप जपानच्या कोची भागातल्या तोसाकिनमध्ये दिसते. त्याची शेपटी अखंड पंख्यासारखी पसरते आणि तिच्या कडा पुढे वळतात. त्याची पिल्ले उथळ, गोल भांड्यांत वाढवतात. र्‍युकिनच्या डोक्यामागे उंच मदार असते, त्यामुळे तो बाजूने अधिक शोभतो. रांचूला पाठीवरचा पर नसतोच. पाठ कमानदार आणि गुळगुळीत असते. ओरांडाला तो पर असतो, आणि डोक्यावर मांसल गाठींची टोपी वाढते. ती फार वाढली, तर डोळे झाकले जातात.

डोळ्यांच्या जाती वेगळ्याच. टेलिस्कोप आणि मखमली काळ्या ब्लॅक मूरचे डोळे खोबणीबाहेर येतात. पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा ते साधेच असतात, वाढीबरोबर फुगतात. याच्याशी निगडित असलेले ‘एलआरपी२’ जनुक २०२० मध्ये हाती लागले. माणसात हेच जनुक बिघडले, तर तीव्र लघुदृष्टी येऊ शकते. सेलेस्टियलची बुबुळे आकाशाकडे वळलेली असतात. बबल-आयच्या डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या पिशव्या लोंबतात आणि अणकुचीदार दगड लागला तर फुटतात. या शेवटच्या दोन जातींत हौसेने माशाची सोय पार बाजूला सारली, असेच म्हणावे लागेल.

पर्लस्केलच्या प्रत्येक खवल्यावर कॅल्शियमचा उंचवटा असतो, त्यामुळे अंगावर मोती जडल्यागत दिसतात. खवल्यांची धातूसारखी चमक ग्वानिनच्या स्फटिकांमुळे येते. ते कमी झाले की कॅलिकोची मोतिया, ठिपकेदार कांती दिसते. सर्वसाधारण पिल्ले मात्र करड्या रंगाचीच जन्मतात आणि काळ्या रंगपेशी नष्ट होत गेल्यावर केशरी होतात.

आखूड, गोल शरीरात आतडी आणि वाताशय दाटीवाटीने बसतात. म्हणून असे मासे कधी तरंगतात, कधी कलंडतात. लांब, एकशेपटी कॉमेटबरोबर ठेवले, तर तो चपळाईने खाद्य पळवतो आणि हे उपाशी राहतात. गोल्डफिश पाण्यात भरपूर अमोनिया सोडतो. काचेच्या लहान गोल भांड्यात तो लवकर साचतो आणि कल्ल्यांना इजा करतो. त्यामुळे या माशांना फिल्टर असलेली ऐसपैस टाकी, संथ प्रवाह आणि टोकदार दगडांविना तळ लागतो.