गोरेपणाची डबी

जी वस्तू पोटात घ्यावयाची, तिची चौकशी आपल्या गृहिणी किती काळजीने करतात! कल्ले उचलून पाहिल्याशिवाय मासळी घेत नाहीत, निवडल्याशिवाय तांदूळ वैलावर ठेवीत नाहीत. परंतु जी वस्तू अंगास लावावयाची, तिच्याविषयी एवढी दक्षता क्वचितच दिसून येते. बाहेरून लावलेले बाहेरच राहते, पाण्याने धुतले की गेले, असा आपला समज असतो. हा समज खरा नाही. त्वचा ही भिंत असली तरी तिला सूक्ष्म वाटा आहेत, आणि काही द्रव्ये त्या वाटांनी रक्तापर्यंत पोहोचतात.

पेडणे व डिचोली तालुक्यांतील गावांतून एके काळी प्रसाधन म्हणजे खोबरेल, शिकेकाई, रिठे, हळद आणि टाचांच्या भेगांसाठी कोकमाचे मुठेल, एवढाच प्रपंच असे. आता तसे राहिलेले नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, गावच्या दुकानातून, परगावी नोकरीस असलेल्या आप्तांच्या पेटीतून आणि घरपोच येणाऱ्या पार्सलांतून नाना प्रकारच्या बाटल्या व डब्या घरोघरी पोहोचल्या आहेत. फेस्त जवळ आले, लग्न ठरले, की त्यांचा खप वाढतो. यात गैर काही नाही. नीटनेटके दिसावे ही इच्छा निर्दोष आहे. प्रश्न एवढाच की, त्या डबीत काय आहे?

निर्धोक ठरलेले पुन्हा का तपासावे?

‘निर्धोक’ हा शब्द शिलालेखासारखा कायमचा नसतो. ज्या दिवशी तो उच्चारला, त्या दिवशीच्या ज्ञानाएवढाच त्याचा आधार. ज्ञान वाढले की निवाडा पुन्हा करावा लागतो.

हेक्झाक्लोरोफीन नावाच्या जंतुनाशकाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. साबण, पावडरी, इतकेच काय, रुग्णालयांतील बाळांचे स्नान, यांत ते मोठ्या विश्वासाने वापरले जाई. १९७२ साली फ्रान्समध्ये लहान मुलांच्या एका पावडरीत ते कारखान्याच्या चुकीने सहा टक्क्यांहून अधिक मिसळले गेले. ते कोवळ्या त्वचेतून आत शिरले, मेंदूपर्यंत पोहोचले आणि छत्तीस बालके दगावली. आयांनी मुलांस काही पाजले नव्हते; पावडर तेवढी लावली होती. त्या दशकात देशोदेशींच्या शासनांनी या द्रव्याचा पुनर्विचार केला. भारतीय नियमांनीही प्रसाधनांत त्यास मनाई केली. साबणात ते फार तर एक टक्का चालते आणि तेही लहान मुलांस वापरू नये अशी सूचना वेष्टनावर छापून.

पाऱ्याचे गोरेपण

आज आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा प्रश्न पाऱ्याचा आहे. त्वचेस वर्ण देणारे रंगद्रव्य शरीर स्वतः तयार करते. पाऱ्याचे क्षार त्या क्रियेत अडथळा आणतात आणि काही आठवड्यांत चेहरा उजळ दिसू लागतो. शेजारीण विचारते, मैत्रीण डबीचे नाव लिहून घेते. परंतु तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडांत साठत जातो. मूत्रपिंडाची चाळण बिघडली की अंगातील प्रथिन लघवीवाटे वाहून जाऊ लागते. लघवीस फेस येतो. सकाळी डोळ्यांखाली व सायंकाळी पायांवर सूज दिसते. तोंडाला लावलेल्या क्रीमचा पायाच्या सुजेशी काही संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानी यावे?

केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांच्या ते ध्यानी आले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे बावीस रुग्ण आले. त्यांपैकी पंधरा जणांचा विकार नेहमी क्वचित आढळणाऱ्या एकाच प्रकारचा होता, आणि या पंधरांतील तेरा जणांनी गोरे करणारी क्रीमे वापरल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारू लागली.

महाराष्ट्रातही असेच घडले. अकोल्याच्या एका कुटुंबाची हकीकत २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. मुलगी, आई आणि बहीण अशा तिघी एकच स्थानिक क्रीम लावीत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांस विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला.

पारा लावणाऱ्या व्यक्तीपुरताच राहत नाही, हेही आयांनी लक्षात ठेवावे. तो टॉवेलास, उशीस व हातांस लागतो आणि त्याची वाफ घरात पसरते. ज्या बाळाने ती डबी कधी पाहिलीही नाही, त्याच्या अंगी तो जाऊ शकतो. पोटातील गर्भासही त्यापासून धोका असतो.

कायद्याचे म्हणणे

१९५६ साली जपानमधील मिनामाता या किनाऱ्यावरील गावी एका भयंकर रोगाची नोंद झाली. कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा मासळीत उतरला होता आणि मासळीवाटे माणसांत. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. आरंभी या करारात प्रसाधनांपुरती थोडी सवलत होती: दहा लाख भागांत एक भागापर्यंत पारा, आणि डोळ्यांच्या प्रसाधनांस काही अटींवर त्याहून अधिक. २०२३ च्या जिनीव्हातील परिषदेत त्याचाही पुनर्विचार झाला आणि पारा मिसळलेले प्रत्येक प्रसाधन २०२५ पर्यंत बंद करावे असे ठरले.

आपल्या देशातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी साध्या प्रसाधनांत नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग, म्हणजे एक टन क्रीममध्ये फार तर एक ग्रॅम, इतकी बांधली आहे. शिसे व सोमल यांवरही बंधने आहेत. परंतु ज्या डबीवर बनविणाऱ्याचे नावच नाही, तिला कायदा कोठे गाठणार?

पुनर्विचार म्हणजे घबराट नव्हे

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा मुलुंड येथील बेबी पावडरचा परवाना रद्द केला. २०१८ साली घेतलेल्या नमुन्यांत आम्ल-अल्कतेचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले, हे त्याचे कारण. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. नवे नमुने तपासले असता ते योग्य निघाले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्याच कंपनीने २०२३ साली जगभर शंखजिऱ्याची बेबी पावडर बंद करून मक्याच्या पिठाची आणली. पुढे जुलै २०२४ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने शंखजिऱ्यास ‘संभवतः कर्ककारक’ या वर्गात घातले. तात्पर्य हे की, तपासणी वेळेवर, नव्या नमुन्यावर आणि निःपक्षपणे झाली पाहिजे. ऐकीव गोष्टीवरून चांगल्या मालास दोष देणे हे, वाईट माल डोळे मिटून घेण्याइतकेच, चुकीचे आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दासही भुलू नये. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस येतो. केसांस वा हातांस घटकाभरात काळाभोर रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा रासायनिक रंग असतो आणि काहींच्या त्वचेस त्याने फोड व सूज येते. म्हणून असा रंग कानामागे थोडा लावून चोवीस तास वाट पाहावी. भुवयांस व पापण्यांस तो कधीच लावू नये. काही सुरम्यांत शिशाचे खनिज असते. तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत असले काही न घालणेच उत्तम.

घरी काय करावे?

डबीवर बनविणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी आहे की नाही, हे आधी पाहावे. माल परदेशी असेल तर येथील नोंदणी क्रमांक शोधावा. यांपैकी काही नसेल तर ती डबी कितीही स्वस्त असो, कोणीही भेट दिलेली असो, घेऊ नये. मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड ही सारी पाऱ्याचीच नावे होत. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांस लागू देऊ नये’ अशी सूचना क्रीमवर दिसली तर विशेष सावध व्हावे. पारा सोन्यास खातो हे आपले सोनार जाणतात. जे सोन्यास सोसत नाही, ते मुलीच्या गालास कसे सोसावे?

असे क्रीम वापरात असेल तर ते थांबवावे आणि डबी न फेकता झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून डॉक्टरांकडे न्यावी. लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. विक्रीविषयी तक्रार असल्यास बांबोळी येथील गोवा सरकारच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे द्यावी.

आणि एक गोष्ट दुकानात नव्हे, आपल्या ओसरीवर तपासून पाहण्यासारखी आहे. सावळी मुलगी आपल्या पैशांनी असली डबी का आणते? कोणी पाहुणा तिच्या देखत ‘रंगाने थोडी कमी’ असे बोलून गेलेला असतो आणि घरातील वडीलधारे गप्प राहिलेले असतात. पारा विकणारा त्या गप्प राहण्यावरच आपला धंदा चालवितो. आपल्या लेकीचा वर्ण ही उणीव नाही, हे आईबापांनी चारचौघांत स्वच्छ सांगितले, तर त्या डबीस घरात शिरण्यास वाटच उरणार नाही.