एकावर एकोणीस शून्यं!

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की किनवटच्या सागवानी रानाच्या कडेने वारुळं फुटतात. ओल्या मातीला बारीक भोकं पडतात, आतून पाखरं एकमेकांना ढकलत बाहेर येतात आणि घटकाभरात ओसरीवरचा दिवा दिसेनासा होतो. सकाळी झाडू मारावा तर सुपलीभर पंख! एकेका पाखराने आपले चारही पंख झाडून टाकलेले. ही वाळवीची वरात. चला, या वरातीच्या आईपासूनच हिशेब मांडू या.

वारुळाच्या पोटात बसलेली राणी दिवसाला २०,००० पर्यंत अंडी घालू शकते. म्हणजे दर चार-साडेचार सेकंदांना एक! तिला रात्र नाही, दिवस नाही, पोळा नाही, दिवाळी नाही. पाच मिनिटांत तुमचा चहा संपेल, तोवर तिची सत्तर अंडी झालेली असतील. वर्षाला ७३ लाख. काही राण्या पंधरा वर्षांहून अधिक जगतात. हाच वेग पंधरा वर्षं टिकला तर जवळजवळ ११ कोटी! २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. एक आई, एक महाराष्ट्र!

आणि तिची लेकरं? कामकरी वाळवी जेमतेम चार मिलिमीटरची, तीही आंधळी. ती दोन मीटर उंच वारूळ उभारते, म्हणजे आपल्या अंगाच्या पाचशे पट. साडेपाच फुटी माणसाने हा पराक्रम करायचा तर त्याला दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाच्याही वर जावं लागेल. तेही हाताने, अंधारात, माती आणि थुंकी कालवून!

पाऊस सरत येतो, सोयाबीन काढणीला येतं आणि शेतावर चतुर घिरट्या घालू लागतात. रुपयाच्या एका नाण्याच्या वजनात असे दहा-बारा चतुर बसतील, इतका हा जीव हलका. पण मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९मध्ये जे मांडलं ते ऐका. भारतावरून निघालेले हे चतुर मालदीववरून, समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात आणि त्यांची पुढची पिढी परत फिरते. चार पिढ्या मिळून १४,००० ते १८,००० किलोमीटर! मुंबई-पुणे अंतर १५० किलोमीटर धरलं तर असा प्रवास सुमारे शंभर वेळा. पणजोबाने सुरू केलेली वारी पणतू पुरी करतो.

फाल्गुनात पळस पेटतो, मागोमाग मोह गळू लागतो आणि उंच झाडांवर आग्या मोहोळं लोंबू लागतात. एका मोठ्या पोळ्यात पन्नास हजारांवर माश्या. किनवटला थांबणाऱ्या नंदीग्राम एक्स्प्रेसचे ७२ बर्थचे वीस डबे धरा आणि एका बर्थवर एकच माशी बसवा. एक पोळं रिकामं करायला पस्तीस गाड्या लागतील! आता मध. पाळीव मधमाश्यांवरून केलेला ढोबळ हिशेब सांगतो, की अर्धा किलो मधासाठी २० लाख फुलं आणि ८८,००० किलोमीटर उड्डाण. पृथ्वीला दोन फेऱ्या मारूनही अंतर उरतं. फुलामागे एक रुपया मजुरी लावली तर अर्ध्या किलोच्या बाटलीची किंमत २० लाख रुपये! एका माशीची उभ्या जन्माची कमाई चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा. बारा माश्या आयुष्यभर राबतात, तेव्हा आपण एक चमचा चाटतो.

मुंग्यांना तर ऋतूच नाही. २०२२ साली हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी जगातल्या मुंग्यांचा अंदाज बांधला. दोनावर सोळा शून्यं! माणशी २५ लाख. मुंगी तीन मिलिमीटरची धरली तर एकट्या तुमच्या वाट्याची रांग साडेसात किलोमीटर. वीस माणसांचं एकत्र कुटुंब असेल तर रांग मुंबईहून थेट पुण्याला! मुंगी एक घन मिलिमीटरची धरून सगळ्या ओतायच्या म्हटल्या, तर वीस फूट रुंद आणि पस्तीस फूट खोल अशा साठ हजारांहून अधिक विहिरी काठोकाठ भरतील. सगळ्या मुंग्या एकाच रांगेत लावल्या तर ती रांग सूर्यापर्यंत चारशे वेळा पोहोचेल.

आणि या झाल्या फक्त मुंग्या! चतुर, काजवे, फुलपाखरं, भुंगे, डास, टोळ, सगळे मिळवा. शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज आहे एकावर एकोणीस शून्यं. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या दशमान नावांच्या यादीत शेवटचं नाव परार्ध, एकावर सतरा शून्यं. ती यादी संपते आणि कीटक उरतात. शंभर परार्ध! सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला बसलात तर विश्वाचं आजवरचं १,३८० कोटी वर्षांचं वय वीसहून अधिक वेळा जगावं लागेल. माणशी वाटणी केली तर प्रत्येकामागे सव्वाशे कोटी. २०११ची भारताची लोकसंख्या होती १२१ कोटी. म्हणजे किनवटच्या बाजारात भाजी घेणाऱ्या प्रत्येक बाईमागे, शाळेत निघालेल्या प्रत्येक पोरामागे, अख्ख्या भारताएवढे कीटक उभे आहेत!

येत्या मृगात पाखरं दिव्यावर आली की फवारा हातात घेऊ नका. दिवा तासभर मालवा, पोरांना ओसरीवर शेजारी बसवा आणि बाहेरच्या अंधारात चमकणारे काजवे मोजायला लावा. एक, दोन, तीन. सुरुवात तिथूनच होते.